धमधम्याचा गाल

सिनेमा आधी 'पास' झाल्याशिवाय पोरांना दाखवायचा नाही, असा मरोदा या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींचा नियम होता. नियमाला कारणही तसंच होतं. एका दिवाळीला पॉवर हाऊस बाजारातल्या दुकानातून भाड्याने आणलेल्या, धार्मिक म्हणवणाऱ्या कॅसेटीत मध्येच असा एक नाच निघाला, की चाळीस माणसं दहा मिनिटं सतरंजीची नक्षी बघत बसली. तेव्हापासून कॅसेट आली की एका पुरुषाने आणि एका बाईने ती आधी पाहायची, वहीत 'पास' लिहून दोघांनी सह्या ठोकायच्या आणि मगच ती सगळ्यांपुढे लावायची.

सत्याऐंशीच्या दिवाळीत ही पाळी श्यामराव आणि पंचफुला यांच्यावर आली. श्यामराव कारखान्यात हेडक्लार्क, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पंचफुला रोलिंग मिलमधल्या केवलरामची बायको, भंडाऱ्याकडची. मुलीच्या पुस्तकांवर बोट ठेवून ती लिहायला-वाचायला शिकली होती आणि त्याचा तिला गर्व होता. असायलाच हवा.

कॅसेटही साधीसुधी नव्हती. नागपूरहून दरवर्षी मुलांचा एक दिवाळी अंक यायचा आणि पानं सुटी होईपर्यंत गल्लीभर फिरायचा. त्यात धमधम्या दैत्याची चित्रकथा असे. नारिंगी रंग, घागरीएवढं पोट. फटाके खायचा आणि शिंकला की ठिणग्या उडवायचा. आता त्याच धमधम्याचा खऱ्या माणसांचा सिनेमा निघाला होता! पोरं नळावर पंचफुलाला गाठत.

"काकू, पोट खरंच फुगते का?"

"नारिंगी रंग कसा लावला असन जी?"

"थांबा नं रे, मीच कुठी पाह्यलं अजून!" ती म्हणायची. पण चितारलेला दैत्य हाडामांसाचा करतात तरी कसा, या विचाराने तिचीही भाजी दोनदा करपली.

रविवारी दुपारी श्यामरावांच्या क्वार्टरमध्ये, त्यांच्या नव्या रंगीत टीव्हीवर कॅसेट लागली. श्यामराव वही घेऊन न्यायाधीशाच्या थाटात बसले. दारू नाही. शिवीगाळ नाही. नाच आहे, पण पोरींनी अंगभर लुगडी नेसलेली. ते एकेकावर टिकमार्क करत होते. पंचफुला डोळे ताणून धमधम्याची वाट बघत होती.

तो आला, पण नारिंगी नव्हता. पोटही नव्हतं. एक उंच माणूस होता आणि त्याचा डावा गाल जळलेला होता. मेणाबिणाचं काहीतरी लावून कातडी कानापर्यंत चुरगाळली होती, डोळ्याचा कोपरा खाली ओढला होता. त्याला बघून पडद्यावरची पोरं किंचाळत पळाली.

पंचफुला टीव्हीजवळ सरकली. केवलरामचा उजवा गाल अगदी तसाच होता. सात वर्षांचा असताना गावी भाताच्या तणसाची गंजी पेटली, तेव्हाचा. बारा वर्षं ते या गल्लीत राहत होते आणि त्या गालाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. तिनेही नाही. उलट सगळी पोरं त्याच्या अंगाखांद्यावर चढत.

शेवटी तर कहर झाला. धमधम्या पोरांना फराळाला बोलावतो, चांगला होतो आणि जादूने त्याचा गाल गुळगुळीत होतो. म्हणजे माणूस चांगला झाला की गाल साफ! पंचफुलाला असा संताप आला, की टीव्हीचा प्लगच उपटावा.

"पास!" श्यामरावांनी सही केली. "एकदम घरच्यांसोबत पाहाण्यासारखा. करा सही, पंचफुलाबाई."

"श्यामरावजी, तुमाले त्याच्यात काई दिसलं नाही?"

"काय?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "काई खराब होतं का?"

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. माणूस सोंग करत नव्हता. रोज केवलरामसोबत चहा पिणाऱ्या श्यामरावांना तो गाल दिसायचाच बंद झाला होता. आता कारण सांगावं, तर उद्यापासून त्यांना तो दिसू लागणार. न सांगावं, तर तीस पोरं तो सिनेमा बघणार.

"सही मंग करतो," म्हणून ती उठली.

घरी केवलराम सकाळची ए शिफ्ट करून येऊन जेवून बसला होता. "कसा आहे वं धमधम्या? नारिंगीच आहे नं?"

तिने लग्नानंतर पहिल्यांदाच सगळं बोलून टाकलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "कोणता गाल?"

"डावा."

"पोरं पळतात?"

"पळतात. अन् शेवटी गाल साफ होते."

"पास करून टाक. पोरं वाट पाहून राह्यली. तुझ्या एकटीपायी कावून बंद करा?" असं म्हणून तो उठला आणि आरशापुढे उभा राहिला. दाढीची वेळ नव्हती. पंचफुलाला रडू कोसळलं.

पंचफुलाने श्यामरावांना 'लावा' म्हणून सांगितलं, पण वहीत सही काही केली नाही, आणि भाऊबीजेला चार वाजता मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कॅसेट लागली. दरवर्षी पोरांच्या गराड्यात पुढे बसणारा केवलराम यंदा मागे, दाराजवळ बसला. धमधम्या आला तशी पोरं किंचाळली, मग एकदम चूप झाली. दोन-तीन मुंडकी मागे वळली. पंचफुलाने पदर मुठीत घट्ट धरला.

शेवटी जादू झाली, गाल गुळगुळीत झाला. टाळ्या पडल्या नाहीत.

"हा कोण आहे?" श्यामरावांची पाच वर्षांची नात शीला उभी राहून ओरडली. "आपला धमधम्या कुठी गेला?"

मग ती पोरांच्या पायांवरून, डोक्यांवरून वाट काढत मागे आली, केवलरामच्या मांडीवर चढली आणि त्याच्या उजव्या गालावर तळवा ठेवला.

"काका, तुमचा तं नाही नं जाणार?"

केवलरामने तिच्या तळव्यावर आपला हात ठेवला. "नाही वं माय. पक्का आहे."

तिने खात्रीसाठी एकदा दाबून पाहिलं आणि त्याचं बोट धरून त्याला पुढे, नेहमीच्या जागेवर ओढत नेलं.

श्यामराव उभे होते. बारा वर्षांत पहिल्यांदाच पाहिल्यासारखे केवलरामकडे बघत होते. वही त्यांच्या हातात तशीच होती.

"मले दिसलंच नाही जी, पंचफुलाबाई," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी तुमी सांगितलं कावून नाही?"

"तुमाले दिसत नोहोतं," पंचफुलाने वही घेतली आणि 'पास'खाली सही केली, "म्हणूनच तं नाही सांगितलं."