नऊ आकडी सवत

सवत हाडामांसाची असती तर काकूंनी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण ही पडली संख्या. दारामागच्या जुन्या वीजमीटरवर कोरलेली: १६५०६३०४३. जन्मभर लोकांचे मीटर दुरुस्त करून काका निवृत्त झाले आणि घरच्याच मीटरच्या नंबरावर भाळले.

"अगं, हिच्या आकड्यांची बेरीज कर. अठ्ठावीस! आणि ज्या लहान आकड्यांनी अठ्ठावीसला भाग जातो, ते सगळे मिळवले की पुन्हा अठ्ठावीसच. आहे की नाही देखणी?"

एवढ्या वर्षांच्या संसारात काकूंना कुणी देखणी म्हटलं नव्हतं. स्वतः शिवलेला नवा कपडा घालून समोर उभ्या राहिल्या, तरी काका "चहा झाला का?" एवढंच विचारायचे.

काकांना वाटे, ही मूळ संख्या असणार. एक आणि स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नसणार. खात्रीसाठी ते रोज चहाबरोबर एकेका चढत्या मूळ संख्येने तिला भागत. बाकी उरली की स्वारी खूश. "आजही दाद दिली नाही पठ्ठीने!" असं करत ते दोन हजारांच्या घरात पोचले, आणि काकूंना आता चहासुद्धा गोड लागेना.

हिचा तोरा उतरवायचाच, असं काकूंनी ठरवलं. काका फिरायला गेले की त्या कापडं बेतायच्या टेबलावर शिवणखडूने भागाकार मांडत, आणि जिन्यात पावलं वाजली की फडक्याने पुसून टाकत. काकांनी केलेलं त्यांनी धरलंच नाही. थेट दोनापासून सुरुवात केली. प्रेमात पडलेला माणूस काय तपासणार, कपाळ!

एका संध्याकाळी एकशे सत्तावीसने भागलं आणि बाकी शून्य आली. पुन्हा भागलं. शून्यच. उलट गुणून पाहिलं. त्या दिवशी टेबल पुसलं नाही.

काका आले, टेबलाशी थबकले. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"गेला हो भाग तुमच्या देखणीला," काकू म्हणाल्या. "तोही इतक्याशा आकड्याने! तुम्हाला कसा सापडला नाही?"

"शक्यच नाही. एकशे तेरा केला होता. मग एकशे एकतीस..." काका बोटांवर मोजत पुटपुटले आणि एकदम भडकले. "तुझ्यामुळे! सगळं तुझ्यामुळे झालं!"

"मी काय केलं?"

"तुझं ऑपरेशन नव्हतं का त्या दिवशी? तुला आत नेलं, मी बाहेर कागद घेऊन बसलो. एकशे सत्तावीस लिहिलं, आणि पुढे एक आकडा सुचेल तर शपथ! तू बाहेर येईपर्यंत भागाकार कसा करतात तेच आठवेना. दुसऱ्या दिवशी वाटलं, झालाच असेल तो. एवढी सोन्यासारखी संख्या, गेली की नाही हातची!"

काकू खडू हातात धरून उभ्याच राहिल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या.

"काय म्हणालात? मला आत नेलं, आणि मग? पुन्हा सांगा. असंच रागावून सांगा."