एकटीला उचलवंल आशी गाडी

साहेबानं शुक्रवारी सांगून टाकलं. "सोमवारपासून स्वतःच्या गाडीवर फिरणार आसशील तर लाईनवर राहा. न्हाईतर ऑफिसात टेबल देतो. बिलाच्या तक्रारी घे, पंख्याखाली बस. तुझ्याच भल्याचं सांगून राह्यलो."

हे शीतलताईला सांगितलं. ताई म्हंजे माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. दीड वर्षापूर्वी लाईटीच्या बोर्डात वायरमन म्हणून लागली. बाई आसली तरी वायरमनच म्हणतात, आमच्या टेंभुर्णीत दुसरा शब्द कुणाला सुचलाच न्हाई. खांबावर ती बराबर चढायची. पण शेतातल्या डीपीपर्यंत, म्हंजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जायचं म्हणलं की कल्याणमामांच्या मागं बसून जावं लागायचं. मामा जुने वायरमन, आता रिटायर व्हायला आल्ते.

त्या दिवशी ताई घरी येऊन जेवली न्हाई.

"पंख्याखाली बसायला शिकले का मी खांब?" एवढंच म्हणली.

गाडी चालवायला ती तशी शिकल्ती. महिनाभर बाजारतळावर मामांचीच गाडी घेऊन गोल गोल फिरायची. लायसन बी निघाल्तं. आता फक्त गाडी घ्यायची राहिल्ती. आन गाडीचं नाव काढलं की आमच्या घरात मी. कुणी शिकवलं न्हाई, सगळं मोबाईलवर बघून शिकलो. कोणत्या गाडीचं वजन किती, ॲव्हरेज किती, झोपंतून उठवा, सांगतो. मी ताईसाठी रातीच ठरवून टाकलं. एकशे साठ सीसी, पुढं डिस्क, चाक रुंद. माझी हाय तशीच.

शनिवारी सकाळी माझ्या गाडीवर दोघं जालन्याला गेलो. ताईची कामाची पिशवी, साखळी-पट्टा-फ्यूज घातलेली, संगंच होती, ती कुठंच सोडत न्हाई. राधेश्यामसेठ म्हणून एक जण जुन्या गाड्या इकतात, ओळखीचे हायेत. पत्र्याच्या शेडखाली तीस-चाळीस गाड्या, पुसून चकाचक.

सेठनं ताईकडं बघितलं आन सरळ स्कूटीकडं चालायला लागले.

"ताई, ही घ्या. गियरचं झंझट न्हाई, पुढं पिशवी ठेवायला जागा."

"मला शेतात जायचंय, भाऊ."

"शेतात? भाजी आणायला?"

"डीपीवर."

सेठ माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, वायरमन हाय ती. सेठनं चष्मा काढून पुसला, परत घातला.

मी माझी एकशे साठवाली दाखवली. लाल. आवाज आसा की बाजूचा चहावाला वळून बघंल. ताई तिच्यावर बसली, पाय बराबर टेकले, हँडल इकडं तिकडं केलं. मला वाटलं झालं काम.

उतरली आन म्हणली, "ही आडवी पाडा."

"काय?"

"खाली पाडा. मला उचलून बघायचीय."

सेठचा आवाज चढला. "ओ ताई, गाडी घ्यायला आल्यात का भंगारात घालायला? टाकीला पोचा आला तर गिऱ्हाईक हात बी लावत न्हाई!"

"बारदान हाय का?"

बारदान होतं. चार पोती आंथरली. आजूबाजूचे दुकानदार बी जमा झाले, फुकटचा तमाशा कोण सोडतंय. मी हळूच तिला म्हणलं, ताई, आसं कुणी गाडी बघत न्हाई.

"आमचे ट्रेनिंगचे सर खांबावर चढूच द्यायचे न्हाईत," ती म्हणली. "आधी इचारायचे, वर काही झालं तर खाली कशी येशील, ते सांग. जिला सांगता आलं तीच चढायची. मला चालवता येती रे. पण शेतात मी एकटी आसणार. पडले तर कोण येणार हाय उचलाया?"

मी लाल गाडीचं स्टँड काढलं.

लाल गाडी आडवी केली. ताईनं हँडल धरलं, जोर लावला. ईतभर वर आली, परत बसली. दुसऱ्यांदा तेवढीच.

"सरक, मी दाखवतो," मी म्हणलं.

मी वाकलो. गुडघ्यापर्यंत आणली. पुढं येईचना. तोंड लाल झालं आसंल, कारण चहावाला म्हणला, "छोटे, सोडून दे, उगं नस धरंल." दोन पोरांनी येऊन उचलली. सहा वर्षं झाली मी गाडी चालवतो. किती येळा पडलो. पण दर येळेला कुणीतरी पळत आलंय. एकट्यानं मी कधी गाडी उचललीच न्हव्हती, हे मला त्या दिवशी कळलं, तेही वीस माणसांसमोर.

मंग ताईनं एक-एक गाडी पाडायला लावली. पाच गाड्या. सेठ आधी वरडत होते, तिसरीपासून तेच पोती सरळ करून द्यायला लागले. ती नुसतं जोर लावत न्हव्हती. दर गाडीला नवीन काहीतरी करून बघायची. चौथीला तिनं गाडीकडं पाठ केली, खाली बसली, एका हातानं हँडल आन एका हातानं मागचं लोखंड धरलं, आन पायावर जोर देत मागं मागं चालत गेली. गाडी उभी राहिली.

पाचवी एक जुनी शंभर सीसी होती. काळी, सीट फाटलेली, डिस्क न्हाई, काहीच न्हाई. ती तर पहिल्याच झटक्यात उठली. मंग ताई चाकापाशी बसली आन टायर आन मडगार्डच्या मधात बोटं घालून बघितली. चार बोटं आरामात गेली. तशीच जाऊन लाल गाडीला घालून बघितली. एक बोट, तेही आवळून.

"आपली काळी माती हितंच बसती," ती म्हणली. "ही काळी द्या, भाऊ."

मोबाईलवर मी शेकडो व्हिडिओ बघितलेत. हे कुणीच सांगितलं न्हव्हतं.

सेठनं चावी तिच्या हातात दिली तेव्हा ते "ताई" न्हाई म्हणले. "मॅडम, हवा बघून घ्या," म्हणले.

परत निघालो. ती पुढं तिच्या गाडीवर, मी मागं माझ्या. चाळीसच्या वर गेली न्हाई. ट्रक आला की कडंला घ्यायची, ट्रक गेला की परत मधात. राजूर ओलांडलं आन तिचा फोन वाजला. तिनं गाडी बाजूला लावली, स्पीकरवर घेतला. कल्याणमामा होते.

"शीतल, काकासाहेबांच्या शेतातली डीपी उडाली. विहिरीवरच्या सतरा मोटारी बंद हायेत. मी जाफराबादला अडकलो. साहेब म्हणून राह्यले उद्या बघू, पण गहू ओंबीवर आलाय लोकांचा. चारला शेतीची लाईन रोजच्यासारखी जाणार. तू कुठं हायस?"

"राजूरच्या पुढं."

"कुणाच्या गाडीवर?"

"माझ्या."

मामा म्हणले, "सकाळी कुणाचा तरी वाफा फुटून पाणी वाटंवर आलंय. लय चिखल-रेंदा हाय. जमंल का?"

"जाऊन बघते."

अडीच वाजले होते.

डांबरी रस्त्यावरून ती वाट फुटती, डीपी तिथून किलोमीटरभर आत. सुरुवातीला वाट कोरडी होती. मंग काळीभोर, चकाकणारी माती. आमच्याकडची माती वली झाली की लोण्यासारखी दिसती आन डांबरासारखी धरती. मी जोशात गाडी घातली. पन्नास पावलं गेलो आसंन, पुढचं चाक फिरायचंच बंद झालं. मडगार्डात माती ठासून भरल्ती. इंजिन वरडून राह्यलं आन गाडी जागच्या जागी.

ताई माझ्या बाजूनं पुढं गेली. पहिल्या गियरवर, दोन्ही पाय खाली सोडून, बदकासारखी. मागं वळून बघितलं बी न्हाई.

मी गाडी तिथंच सोडली आन चालत निघालो. दोन्ही बुटांना मातीचे गोळे, पाय उचलंना. ती पुढं पुढं बारीक होत चालल्ती. आन मंग मला दिसलं, जिथं वाट पार बुडाल्ती तिथं गाडी कलली आन ताई बाजूला पडली.

मी वरडलो. जिवाच्या आकांतानं वरडलो. पण मी पाव किलोमीटर मागं होतो, आन आजूबाजूला गव्हाशिवाय कुणी न्हाई.

ती उठली. पाठ करून बसली, जोर लावला. पाय सटकले, परत बसली. चिखलात पायाला आधारच न्हव्हता. मला वाटलं संपलं. मंग ती उभी राहिली, गाडीकडं बघितलं, चारी बाजूला बघितलं. मागचं चाक धरलं आन आख्खी गाडी आडवीच्या आडवी वढत बांधाच्या कडंला नेली, जिथं गवत होतं. गवतात टाचा रोवल्या. आन गाडी उठली. माझ्या डोळ्यांसमोर, एवढ्या लांबून, एक काळा ठिपका आडव्याचा उभा झाला. सीटवर बसली, किक मारली, गेली.

मला तिथंच थांबावंसं वाटलं. देवळात गेल्यावर आपण उगंच हळू चालतो, तसं काहीतरी झालं.

मी पोचलो तेव्हा काकासाहेब आन दोन-तीन शेतकरी डीपीखाली उभे होते. ताईनं सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घेतली, तारंत करंट उरू नये म्हणून अर्थिंगची साखळी टाकली, हातमोजे घातले, पट्टा बांधला आन वर गेली. कानापर्यंत चिखल. वर जळालेला फ्यूज काढला, नवीन घातला. काकासाहेब मला म्हणले, "ही आलीच कशी? आमचा ट्रॅक्टर सकाळी फसला त्या वाटंवर, दुपारी कुठं निघाला."

मी बोटानं काळी गाडी दाखवली.

ती खाली आली. साखळी काढली. फोनवर म्हणली, "सोडा."

ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. मंग एक मोटार. मंग दुसरी. लोकांनी ऑटो लावून ठेवलेले आसतात, लाईट आली की आपोआप चालू. एकामागं एक, जवळची, लांबची, नाल्यापलीकडची. मी मोजायचं सोडून दिलं. गव्हाच्या वाफ्यात पाणी शिरतानाचा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय, पण तो कुणीतरी आणून दिलेला आसतो हे माझ्या ध्यानातच आलं न्हव्हतं.

तिचा फोन वाजला. स्पीकरवर घेतला. साहेब होते.

"शीतल, काकासाहेबांची डीपी कुणी चालू केली? मामा तर जाफराबादला हाय."

"मी केली सर."

"सोबत कोण होतं? कुणी आणून सोडलं?"

"कुणी न्हाई. भाऊ होता, पण त्याची गाडी रोडपाशीच फसली."

काकासाहेब फिसकन हसले. तिकडून पंख्याचा आवाज येत होता.

"बरं," साहेब म्हणले. "मंग तिकडूनच वरच्या पाझर तलावाच्या डीपीवर जा. तिथून बी तक्रार हाय, फेज गेलाय. जल्दी कर, चारला लाईन जाती. आन सोमवारी गाडीचा नंबर रजिस्टरला लिही."

"हो सर."

तिनं फोन खिशात घातला. हसली बी न्हाई, रडली बी न्हाई. तोंडावरचा चिखल बाहीनं पुसला, तो जास्तच पसरला. गाडीला किक मारली.

"सुयश, आईला सांग, उशीर व्हईल. आन भूक लागलीय म्हणून सांग."

गेली. बांधाच्या वळणापर्यंत दिसली, मंग नुसता आवाज.

काकासाहेब म्हणले, "पोरा, तुझ्या गाडीला ट्रॅक्टर लावू का?"

"लावा," मी म्हणलं. पण माझं ध्यान वाटंकडं होतं. काळ्या मातीत ताईच्या गाडीची चाकोरी उमटल्ती. कुठं वाकडी, कुठं घसरलेली, एका जागी गाडी वढल्याचा हा एवढा मोठा चर. पण डांबरीपासून डीपीपर्यंत आन तिथून पुढं तलावाकडं, ती कुठंच तुटली न्हव्हती.