रक्ताचे मार्क

"रांग तुमची, नियम तुमचे, आणि मरायचं मात्र आमच्या माणसानं," असं म्हणत शिकवणीवाल्या बाईंनी बंद होणाऱ्या दारात पाऊल घातलं. "तुमच्या समितीतल्या एकानं तरी यांचं तोंड पाहिलंय?"

डॉक्टरीणबाईंनी दार सोडलं. बाईंनी नवऱ्याची चाकांची खुर्ची आत ढकलली. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर ते. आता सदऱ्याची बटणं लावतानाही दोनदा थांबायचे.

"यादीतून नाव काढलेलं नाही, मागे सरकवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "नवं हृदय ज्याला आधी लागेल त्याला. हृदयावर किती ताण आहे ते सांगणारा यांच्या रक्तातला आकडा निम्म्यावर आलाय. बाकीचंही बघतात, पण समितीनं यावरूनच धरलं, की हे अजून तग धरतील."

"म्हणजे मी पास," पेंटर म्हणाले. "बाई, शाबासकी द्या की."

बाईंनी दिली नाही. पर्सची चेन त्या नुसतीच पुढेमागे करत राहिल्या.

मागच्या खेपेला याच खोलीत डॉक्टरांनी बजावलं होतं, आकडा चढला तर आशा कमी. आयुष्यभर पोरांकडून घोकून घेतलेल्या बाईंना तेवढं पुरलं. परीक्षेला बसवावं तसं त्यांनी नवऱ्याला तयार केलं. रक्त तपासायला द्यायच्या आधी पाणी जवळजवळ तोडलं, लघवीची गोळी दुप्पट केली. पेंटर कोरडे ओठ चाटत म्हणाले होते, "ही कॉपी झाली, बाई." मोरीत जाताना त्यांना भोवळ आली, तेव्हाही बाईंनी त्यांना भिंतीला टेकवून धरलं आणि म्हटलं, "एवढा एक दिवस." अंगातलं पाणी उतरलं, त्याबरोबर आकडाही उतरला. त्या रात्री बाई निवांत झोपल्या होत्या.

"घरी औषधांत काही बदल केला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

पर्सची चेन थांबली.

"माझाच घोळ," पेंटर चटकन म्हणाले. "गोळी घेतली की विसरतो, परत घेतो. म्हातारपण."

"खोटं बोलतायत," बाई म्हणाल्या. "मी दिली. पाणीही मीच तोडलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, जीव गेला असता."

"वाचवायलाच निघाले होते मी. आकडा उतरला की रांगेत मागे टाकतात, हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"आम्ही प्रत्येकाला सगळं सांगत बसलो तर…"

"तर काय?"

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. पेंटरच्या छातीतली घरघर त्यांनी कान देऊन ऐकली.

"पुन्हा रक्त घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "पण समिती आता पुढच्या महिन्यात बसेल."

"आणि तोवर आकडा फारच चढला तर?"

"मग ऑपरेशन झेपणार नाही, असंही म्हणू शकतात."

पेंटरनी बायकोच्या मनगटावर हात ठेवला. "चला, बाई. उगाच कशाला."

बाईंनी हात सोडवला नाही. दुसऱ्या हातानं खुर्ची ओढून त्या डॉक्टरांच्या समोर बसल्या, उत्तर येईपर्यंत पोराला उभं करून ठेवायच्या तशा नजरेनं.

"उतरला तर गरज नाही, चढला तर झेपणार नाही. मग किती आजारी असलं म्हणजे माझा माणूस तुमच्या हिशेबात बसतो? तो आकडा सांगा, डॉक्टर. मी उठणार नाही."