डाव्या तोंडाचा विळा

आक्का सकाळपासून एकाच गाईकडे बघत होती आणि ती गाय तिची नव्हती.

निदान पुठ्ठ्यावरचा डाग तरी तसं सांगत होता. आक्काच्या घरचा डाग विळ्याचा, तोंड उजवीकडे. धाकट्या दिराचाही विळाच, पण तोंड डावीकडे. सासऱ्यांनी दोन मुलांत गुरं वाटली तेव्हा विळाही असा वाटून दिला होता. या गाईवर डावा विळा होता, अगदी ठसठशीत. पण मागचा एक खूर पांढरा, कपाळावर दोन भोवरे आणि मान वाकडी करून बघायची खोड थेट कपिलीची. कपिली म्हणजे आक्काची म्हातारी गाय, दोन वर्षांपूर्वी गेलेली.

आणि कपिलीची लेक तर आक्काच्या हातातल्या दाव्याला बांधलेली होती. तांबू तिचं नाव. तिला ना पांढरा खूर, ना दुसरा भोवरा. गाई दूरच्या कुरणावर व्यायच्या, वासरं डागून तिथेच वाढायची आणि दूध तुटलं की गुराखी डाग बघून ज्याची त्याला पोचवायचा. तांबू आली तेव्हा आक्का चक्रावली होती. वासरू आईवरच जातं असं नाही, असं दिराने समजावलं आणि उजवा विळा तर होताच. डागापुढे डोळ्यांचं कोण ऐकतं?

आज गावच्या मैदानावर गुरांच्या कानात बिल्ले ठोकायचे होते. एकदा नंबर चढला की मालक कायमचा. डागण्याची पद्धत आधीच बंद झाली होती, म्हणून जुन्या डागण्या, डाग उमटवायची ती लोखंडं, तिथेच लोहार भंगारात घेत होता.

"वहिनी, माझी गाय नजरेनं खाता की काय आज?" दीर हसत म्हणाला.

आक्काही हसली, पण डोकं भणभणत होतं. लोहाराला द्यायची डागणी तिच्या हातातच होती. तिने ती उलटसुलट केली. लोखंडात विळ्याचं तोंड उजवीकडे, जसं हवं तसं. तरी मन मानेना म्हणून हौदाजवळच्या चिखलात तिने डागणी दाबली आणि उचलली.

चिखलातल्या विळ्याचं तोंड डावीकडे होतं.

तिने पुन्हा दाबली. पुन्हा डावीकडे. आपल्याला वेड लागलं की डागणीला, तिला समजेना. ती तशीच लोहाराकडे गेली आणि त्याला चिखल दाखवला. तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला.

"तुम्ही कागदावर काढून दिलंत, मी डोळे झाकून तसंच घडवलं," तो म्हणाला. "उमटताना उलटं होणार हे ध्यानातच आलं नाही. एवढी वर्षं लोखंड ठोकतोय आणि हे शहाणपण."

"आणि भावजींची?"

"ती पण त्याच दिवशी घडवली. तशीच."

त्या डागण्या एकच वर्ष वापरल्या होत्या, पुढे डागणंच बंद झालं. दोन्ही घरी त्या वर्षी एकेकच वासरू होतं. धूर, हंबरडे आणि आडवं पाडलेलं वासरू, त्यात विळ्याचं तोंड बघायला कोणाला सवड होती? आक्काला एकदम हलकं वाटलं. डोळे खरे निघाले होते. पांढऱ्या खुराची गाय कपिलीचीच, म्हणजे आपलीच. दिराला सांगायला ती निघालीसुद्धा.

मग दाव्याला ओढ बसली. तांबूने सवयीने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती.

पोट फुगलं तेव्हा आक्काने हिला दुपारभर चालवून वाचवलं होतं. हिचं पहिलं वासरू आक्कानेच हात घालून सोडवलं होतं. ही दिराची? आणि जिला आपण कधी मूठभर चारा घातला नाही, ती आपली? आक्काला काही उमगेना. तिने लोहाराकडे पाहिलं. लोहाराने तिच्याकडे पाहिलं, डागणी तिच्या हातातून घेतली आणि भंगाराच्या ढिगात टाकून दिली.

बिल्लेवाला चिमटा घेऊन समोर आला. तांबूच्या पुठ्ठ्यावर हात फिरवत म्हणाला, "उजवा विळा. तुमचीच ना?"

आपण चोरी करतोय की कपिलीची लेक दान करतोय, आक्काला सांगता आलं नसतं. तिने पायाने चिखलातला विळा पुसला.

"माझीच," ती म्हणाली.

बिल्ला बसला तशी तांबू दचकली आणि आक्काला आणखी चिकटली. पलीकडच्या रांगेत पांढऱ्या खुराची गाय मान वाकडी करून बघत होती. आक्काने तिच्याकडे पाठ केली.