आत्यासाठी जागा काढणारा खण

मित्रांनो, जरा खाली वाका! पलंगाखालून बोलतोय मी. मी एक जुना खण आहे, जाड लाकडाचा आणि पितळी कडीचा.

सुतारानं मला घडवलं ते एका भल्यामोठ्या कपाटासाठी. सुरुवातीला मी थाटात चादरी सांभाळल्या. पुढे घर बदललं, खोल्या दोनच उरल्या आणि ज्याला जे सापडेल ते तो माझ्यात कोंबू लागला. मी अडलो की आई गुडघा लावून ढकलायची आणि वर म्हणायची, "मेला अडतो कसा बघा!" नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय!

एके दिवशी मोठी बातमी आली. बाबांच्या थोरल्या बहिणीला एकटीनं जिने चढणं झेपेना, म्हणून आत्या कायमची आमच्याकडे येणार होती! पण तिची खाट मावेल अशी जागा घरात एकच, कपाटाची. कपाट गेलं तरच आत्या राहणार. मग काय, घरात नुसती धांदल! कपाट विकलं, सुतारानं मला तेवढं चाकं लावून पलंगाखाली सरकवलं आणि सगळ्या घराचे कपडे माझ्या एकट्याच्या गळ्यात पडले.

सगळ्यांनी घड्या एकावर एक रचल्या. मी फुगलो आणि पलंगाच्या पट्टीला अडकलो. बाबांनी तळातला सदरा ओढला, तर सगळा डोलारा कोसळला.

"आता ताईला काय सांगू? जागा नाही म्हणून?" बाबा सदरा हातात धरून म्हणाले. मला फार वाईट वाटलं हो.

आई वाचनालयात काम करते. ती एकदम उठून उभी राहिली. "अहो, आपण पुस्तकं आडवी रचतोय! असं केलं तर वाचक मला फाडून खातील. उभी लावा, उभी!"

मग माझ्या उंचीच्या अरुंद घड्या झाल्या. पँट्स घट्ट गुंडाळल्या. एकेक कपडा उभा राहिला, दुमड वर, पुस्तकाचा कणा दिसावा तसा. आणि मी सर्रकन आत गेलो! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी तर हुरळूनच गेलो.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. हातात एवढीशी पिशवी.

"माझे काय रे, दोन-चार कपडे. दाराला खिळा असला की झालं," ती म्हणाली.

बाबांनी मला बाहेर ओढलं. स्वतःचा लग्नातला कोट उचलला. "हा आता माझ्या पोटाशी बोलत नाही," म्हणत तो बाजूला ठेवला आणि आत्याचे कपडे तिथे लावले, अगदी कडीजवळ.

"खिळा पाहुण्यांना, ताई. तू घरातली आहेस."

आत्या हसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मला तर तेव्हा कुणी ढकललं असतं तर मी चाकांवर नाचलोच असतो!

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हाला कोंबू नका, गुडघे लावू नका. घड्या नीट घाला, लहान घरातही जागा निघते. फक्त कुणासाठी जागा करायची असेल, तर आधी आपलं काहीतरी बाहेर काढावं लागतं.