लेकीचा जीव सोडवण्याचा विधी

रुपरावचं घर दोन वर्षं विकलं जात नव्हतं, आणि त्यासाठी करायचं काही त्याने बाकी ठेवलं नव्हतं. दारावर लिंबू-मिरच्या टांगून झाल्या, चारी कोपऱ्यांत पिवळी मोहरी टाकून झाली, अंगणात नारळ पुरून झाला. स्वयंपाकघरातलं जुनं लोखंड वाहत्या पाण्यात सोडलं की गिऱ्हाईक लागतं, असं कोणीतरी सांगितलं, तर हा पठ्ठ्या कन्हानच्या पुलावर जाऊन सांडशी फेकून आला. गिऱ्हाईक काही टिकलं नाही. बायकोने, म्हणजे पुष्पलताने, चांगली सांडशी लपवून मोडकी हातात दिली म्हणून उपाय लागू पडला नाही, असं तो लकडगंजातल्या आपल्या दुकानात येईल त्याला सांगत असे.

शेवटी दत्तोपंत गुरुजी आले आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी दोष काढला. "या घरात लेकीचा जीव गुंतलाय. लेक मोकळी झाली की घर मोकळं होईल."

लेक म्हणजे गोपिका, रुपरावची धाकटी बहीण. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. वय बावन्न, घरी संत्र्याची बाग, नवरा नत्थूजी, आणि गावातल्या बचत गटाची बारा वर्षांपासूनची सचिव. आई गेल्यापासून चार वर्षांत तिला माहेरचं बोलावणं नव्हतं. ना राखीला, ना दिवाळीला. आणि आता एकाएकी भावाचा फोन आला.

"गोपे, तुही ओटी भराची आहे. ये वं एक दिवस." मग त्याने दोषाचंही सांगितलं.

गोपिका फोनवरच रडली. तिला तो दोष खरा वाटला. वाटायला कारणही होतं. घर विकायला काढल्याचं कळलं तेव्हापासून ती रोज देवापुढे हात जोडून मनात म्हणत होती, नको विकू दे रे बाबा. बापाने हे घर बांधलं तेव्हा ती दहावीत होती. स्लॅब टाकल्यावर एकवीस दिवस शिडीवरून बादल्या चढवून पाणी मारलं ते तिने. रुपरावची तेव्हा कंबर दुखत होती, आणि ती दुखरी कंबर घेऊन तो मित्रांबरोबर रामटेकला फिरत होता. एवढं करूनही घर त्याचंच, हे तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. लेकीचं माहेरात काय असतं, असं तीच चारचौघींत म्हणायची. म्हणून तर फोननंतरचे पंधरा दिवस ती देवाची माफी मागत राहिली. माझ्या हावरेपणाने भावाचं घर अडलं, असं समजून.

ठरल्या दिवशी पहाटेच्या एसटीने ती निघाली. सोबत संत्र्याची पेटी होती, ती बसस्थानकापासून रिक्षात मांडीवर धरून तिने आणली. दारातच पुष्पलताने पेटी आत नेली आणि तिला मात्र थांबवलं. "आत नका येऊ, बाई. उंबऱ्यावरच उभ्या राहा."

उंबऱ्यापुढे रांगोळी होती, पाट होता, गुरुजी होते, बाजूला रुपराव होता. अंगणात एक माणूस मोबाइल वर धरून उभा होता. हा धर्मेंद्र, घरं विकून देणारा दलाल.

"हे शूटिंग कशाले?" गोपिकाने विचारलं.

"आठवण राहते ना ताई," धर्मेंद्र म्हणाला.

गुरुजींनी विधी समजावला. घराकडे पाठ करायची, तोंड रस्त्याकडे. ओटी भरली की तीनदा म्हणायचं, "माझं इथं काही उरलं नाही." आणि मागे वळून न बघता निघून जायचं.

"अन् जेवण?" गोपिकाच्या तोंडून निघून गेलं. सकाळपासून पोटात एक चहा होता.

"विधीनंतर लेकीने या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नसतं," गुरुजी म्हणाले.

वा रे शास्त्र! चार वर्षांनी लेकीला बोलवायचं, तिची संत्री आत न्यायची आणि तिला तहानलेली रस्त्यावर काढायची. तरी गोपिकाने तेही गिळलं. भावाचं भलं होत असेल तर होऊ दे, म्हणाली. पदर पसरून घराकडे पाठ करून उभी राहिली.

पुष्पलताने घाईघाईने ओटी भरली आणि ती उंबऱ्याच्या आत सरकली. तांदूळ, नारळ, खण, वर एक घडी घातलेली साडी. आता म्हणायचं होतं. गोपिकाने तोंड उघडलं, पण तिची मान आपोआप मागे स्लॅबकडे वळली.

"नुसतं म्हणाचं तं आहे, बाई," पुष्पलता मागून म्हणाली. "शब्दाले काय पैसे पडते?"

"हरकत नाही," गुरुजी म्हणाले, "आधी सही होऊ द्या. साडीत कागद आहे. त्याला हळदीचं बोट लावायचं आणि खाली सही करायची. लेकीने मोकळं केल्याची खूण म्हणून." धर्मेंद्रने तत्परतेने पेन पुढे केलं.

इथे त्यांची गणितं चुकली. बचत गटाच्या सचिवाने बारा वर्षांत एकाही कागदावर न वाचता सही केली नव्हती. बँकेच्या साहेबाला ताटकळत ठेवून ती वाचायची, आणि तेही मोठ्याने, कारण गटातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं. त्याच सवयीने तिने साडीतला कागद काढून उलगडला. वर शंभराचा स्टॅम्प होता. ती वाचायला लागली.

"...सदर घरातील माझा अर्धा हिस्सा मी स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता माझे बंधू रुपराव यांच्या लाभात कायमचा सोडून देत आहे..."

ती थांबली. तेवढी ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात.

"माहा अर्धा हिस्सा? तो कुठून आला?"

रुपरावने तोंड दुसरीकडे फिरवलं. धर्मेंद्रला बिचाऱ्याला वाटलं होतं, बाईंना ठाऊकच असेल.

"ताई, आखीव पत्रिकेवर तुमचं नाव आहे ना! घर कोनाच्या मालकीचं ते सांगनारा सरकारी कागद. तुमच्या आईनं जित्तेपनीच दोघाइचे नावं चढवून ठेवले. म्हनून तं दोन गिऱ्हाईकं वापस गेले. दोघाइचे वकील म्हने, पयले बहिणीची सही आना."

गोपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिस्सा लपवला हे तर होतंच. पण त्याहून तिला झोंबले ते माफीचे पंधरा दिवस. ज्या गोष्टीवर तिचा अर्धा हक्क होता ती मनात धरली म्हणून या माणसाने तिला देवापुढे नाक घासायला लावलं होतं. देवाचं नाव पुढे करून, ओटीच्या साडीत लपवून, सख्ख्या बहिणीचा केसाने गळा कापायला निघाला होता.

"काहून गा भाऊ, मले सरळ काहून नाही सांगितलं?"

"तू नाही म्हटलं असतं तं?" रुपराव पुटपुटला.

"तं नाही म्हणाचा हक्क होता ना मले!"

शेजारच्या गच्चीवर माणसं जमायला लागली. गुरुजी चुळबुळले. "मुहूर्त टळतोय. वाद नंतर करा. गुंतलेला जीव सुटल्याशिवाय हे घर..."

"बरोबर आहे तुमचं, गुरुजी," गोपिका वळून म्हणाली. तिचा आवाज आता गटाच्या बैठकीतला होता. "गुंतला आहे माहा जीव. पण घर अर्धं माहं, अर्धं याचं. मंग याचा नाही का गुंतला? मी तं चार वर्सानं आली, हा तं इथंच जेवते, इथंच झोपते. याचाही सोडवा. ये गा भाऊ, उभा राय इथं."

तिने रुपरावला दंडाला धरून उंबऱ्यावर उभं केलं, घराकडे पाठ करून. त्याच्या शर्टाचं टोक त्याच्याच हातात दिलं आणि आपल्या पदरातली ओटी त्यात रिकामी केली. स्टॅम्पपेपर मात्र घडी करून आपल्या पिशवीत टाकला.

"म्हण आता तीनदा. माझं इथं काही उरलं नाही. धर्मेंद्रभाऊ, तुमचं शूटिंग चालू राहू द्या."

रुपरावने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी रांगोळीकडे बघत होते. आता रुपराव लबाड असेल नसेल, पण उपायांवर त्याची श्रद्धा अस्सल होती. दोन वर्षांत इतकं केलं, हे एक राहिलं असेल तर करून टाकावं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. त्याने नारळ सांभाळत डोळे मिटले.

"माझं इथं..."

"अहो, तोंड बंद करा!" पुष्पलता घरातून किंचाळत धावली आणि तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. "एक शब्द बोलू नका! फोन चालू आहे त्याचा!"