दहा काडतुसं

बंदुकांच्या दुकानात काउंटरवरच्या हिरव्या कापडावर तिने एकेक वस्तू ठेवली आणि ठेवता ठेवता मोजली. दुनळी बंदूक एक. परवान्याचं पुस्तक एक. कपाटाची किल्ली एक. मृत्यूचा दाखला, मूळ प्रत एक, झेरॉक्स दोन. काडतुसं दहा, बुडावर उभी, पाच-पाचच्या दोन रांगांत.

"परवानाधारक गेला की नव्वद दिवसांत हत्यार जमा करायचं," दुकानदार म्हणाला. "आज कितवा?"

"शहाऐंशीवा."

"पोरगी पक्की आहे, वहिनी."

"प्रयोगशाळेत कामाला आहे. भाजीवाल्याचा काटासुद्धा तपासते," आई म्हणाली. "लाज आणते नुसती."

दुकानदार हसला. मग त्याने चष्मा लावला आणि पाठ असलेलं सांगितलं. आकडा जुळला, माल ठीक असला, की पावती. पावती ठाण्यात दिली की फाइल बंद. काही खोट निघाली तर चौकशी. किल्ली फक्त परवानाधारकाकडे असते. दुसऱ्या कुणी कपाट उघडून हात लावला असेल, तर तो गुन्हा.

आईने पर्सची चेन उघडली आणि लावली.

त्याने पुस्तक चाळलं. "घेतली पंचवीस, सरावात उडवली पंधरा, शिल्लक दहा. बरोबर. पण तेरा वर्षांत नवं एकही नाही?"

"ह्यांचा कारखानाच बंद पडला. रखवाली कशाची करणार?" आई म्हणाली.

"मग परवाना का चालू ठेवला?"

"कोण जाणे. दर तीन वर्षांनी स्वतः जाऊन शिक्का मारून आणायचे. काडतुसंही स्वतःच मोजायचे."

दुकानदाराने एक काडतूस उचललं. तळहातावर जरा झुलवलं आणि थांबला. ते त्याने काट्यावर ठेवलं. एकोणीस ग्रॅम.

"अठ्ठेचाळीस भरायला हवं," तो म्हणाला.

दुसरं ठेवलं. एकोणीस. तिसरंही एकोणीस. पुढची तिने स्वतःच ठेवली, एकामागून एक. दहाव्यालाही आकडा हलला नाही.

"मी केलंय ते," आई म्हणाली.

"आई, गप्प बस."

"शहाऐंशी दिवस गप्पच होते की." आई दुकानदाराकडे वळली. "कारखाना बंद पडला, त्या वर्षी हिची दहावी होती. हे तासन्‌तास त्या कपाटासमोर बसून राहायचे. बोलणं नाही, चालणं नाही. अंघोळीला गेले की किल्ली शर्टाच्या खिशात. उसवणं-शिवणं तर माझा धंदाच. तोंडं उसवली, छर्रे काढले, दारू काढली, वाळू भरली. बुडाशी शिलाई मशीनचं तेल सोडलं, ठिणगी पडू नये म्हणून. होती तशी परत मिटवली."

"दहाच्या दहा?"

"आठवडा लागला. अंघोळ फार लवकर उरकायचे हो."

"आणि त्यांना पत्ता नाही?"

"कसला पत्ता! चहात साखर नाही, हे कळायचं नाही तेव्हा त्यांना." आईला हसू आलं. "मग आपलेआपणच सावरले. एका दुपारी मशीनच्या तेलाची नवी बाटली घेऊन आले. मी सांगितलंही नव्हतं. समोर ठेवली आणि म्हणाले, तुझं संपलं असेल. दुसऱ्या दिवसापासून काम शोधायला बाहेर पडले. पुढे कधी त्या कपाटासमोर बसले नाहीत."

दुकानदाराने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. पावतीपुस्तक त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं, जणू पहिल्यांदाच बघत होता.

"काडतूस बाद आहे का, एवढंच यात विचारलंय," तो शेवटी म्हणाला. "कुणी केलं, असा रकानाच नाही. जुनी झाली की बाद होतातच. फक्त बुडं तपासावी लागतात."

आई मागच्या स्टुलावर बसली.

दुकानदाराने भिंग घेतलं आणि एकेक काडतूस उलटं केलं. प्रत्येकाच्या बुडाशी मधोमध पितळेची छोटी टोपी. चाप ओढला की बंदुकीतली कळ याच टोपीवर आपटते, ठिणगी पडते, बार उडतो. पहिली टोपी गुळगुळीत. दुसरी, तिसरीही तशीच. सातव्यावर त्याचा हात थांबला. त्याने भिंग तिच्याकडे सरकवलं.

टोपीच्या बरोबर मध्यावर एक खड्डा होता. गोल, खोलगट, ज्वारीच्या दाण्याहून लहान. पितळ तिथे आत दबलेलं होतं, फुटलेलं नव्हतं. तिने भिंग थोडं वर घेतलं, थोडं खाली आणलं. मग बोटाचं टोक त्या खड्ड्यावर ठेवलं. बोटाला तेलाचा ओशटपणा लागला.

"काय गं, काय झालं?" आईने विचारलं. तिचा चष्मा पर्समध्येच होता.

"काही नाही, आई. मोजतोय."

दुकानदाराने उरलेली तीनही तपासली, पेन उचललं आणि तिच्याकडे पाहिलं.

"जेवढं आहे तेवढं लिहा," ती म्हणाली.

त्याने लिहिलं. त्याचं बोट होतं तिथे आईने सही केली, न वाचता, आणि पिशवीची घडी घालायला घेतली.

तिने पावती उजेडाकडे धरली. दुनळी बंदूक, एक. काडतुसं, बाद, दहा. वजन प्रत्येकी एकोणीस ग्रॅम. टोपी कोरी, नऊ. टोपीवर ठोक्याची खूण, एक.